एका बदली अध्यापिकेचं कायम प्राध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या अनुदानित महाविद्यालयांतले कायम प्राध्यापक आणि पीएच.डी.चे मार्गदर्शक

सप्रेम नमस्कार.

दर वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तुमच्यापैकी कुणाचा तरी मला फोन येतो. "मॅडम, यंदा येताय ना? वर्कलोड अजून फायनल नाही, पण तुमचे नऊ तास धरलेत." मी हो म्हणते. मग जुलैत मुलाखत. एप्रिलपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून पेपर तपासले, त्यांच्याच समोर बसून स्वतःचं नाव आणि शिक्षण सांगायचं. नेमणुकीचं पत्र हातात पडतं ऑगस्टमध्ये कधीतरी, तोवर पहिलं प्रकरण शिकवून झालेलं असतं. हे बारा वर्षं चाललं आहे. यंदा त्या फोनच्या आधी मी लिहिते आहे, कारण मेअखेरपर्यंत मला एका दुसऱ्या नोकरीला हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि त्या विचारात जे जे वर आलं त्यातलं बरंचसं तुमच्याशी बोलायचं राहून गेलेलं होतं.

माझा विषय इतिहास. २०११ मध्ये सेट ही अध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा पास झाले, २०१३ च्या जुलैपासून तासिका तत्त्वावर शिकवते आहे, २०१८ मध्ये पीएच.डी. मिळाली. राहते डोंबिवलीला, आईबरोबर. शिकवते दोन ठिकाणी: एका महाविद्यालयात अनुदानित विभागात तासिकेवर, दुसऱ्यात विनाअनुदानित तुकडीला. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी ठाण्यात स्पर्धा परीक्षांच्या क्लासला. महाविद्यालयांची नावं मुद्दाम लिहीत नाही. लिहिली तर पत्र त्या दोन इमारतींचं होईल, आणि बाकीचे जण ते दुसऱ्या कुणासाठी आहे असं समजून बाजूला ठेवतील.

पैशांचं आधी सांगून टाकते. तासाला ९०० रुपये, आठवड्याला नऊ तास, म्हणजे कागदावर महिन्याला ३२,४००. पण गणपतीत, दिवाळीत, परीक्षांत, कॉलेजच्या महोत्सवात तास होत नाहीत आणि न झालेल्या तासाचे पैसे नसतात. गेल्या शैक्षणिक वर्षात माझे २१४ तास भरले. त्याचे झाले १,९२,६०० रुपये. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला १६,०५०. जुलै ते डिसेंबरचे पैसे मार्चमध्ये आले. त्याच विभागात आज कुणी कायम सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालं, तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असं सांगितलं, तेव्हा ते पत्रक मला तुमच्यातल्या चार-पाच जणांनी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. तुम्हाला मनापासून आनंद झाला होता, हे मला ठाऊक आहे. ते पैसे माझ्यापर्यंत आले नाहीत.

पण मला पैशांपेक्षा थांबण्याबद्दल बोलायचं आहे.

माझा प्रबंध मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या बदली कामगारांवर आहे. काळ्या घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत जो राज्याचा दप्तरखाना आहे, तिथे मी दोन वर्षं बसले. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१ पासून काढलेल्या लेबर गॅझेटचे जुने अंक वाचले, ब्रिटिश काळातल्या कामगार आयोगापुढच्या, म्हणजे व्हिटली कमिशनपुढच्या साक्षी वाचल्या. गिरणीत रोज काही कायम कामगार गैरहजर असायचे, आणि त्यांच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहायला माणसं लागायची. ती माणसं पहाटे भोंग्याच्या आधी फाटकाशी येऊन उभी राहत. कुणाला आत घ्यायचं ते जॉबर, म्हणजे मुकादम, ठरवायचा, आणि त्याबद्दल दस्तुरी, म्हणजे लाच, घ्यायचा. त्याचा हा हात थोडा आखडावा म्हणून १९३५ मध्ये मालकांच्या संघटनेने कार्डं आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना बदली कार्ड मिळायचं. कार्ड मिळालं म्हणजे काम मिळालं असं नव्हे. रोज सकाळी फाटकावर यायचा हक्क मिळाला, आणि यायची सक्तीही झाली. कायम माणूस आला की बदलीवाला घरी. असा महिन्यातले दहा-बारा दिवस काम करून माणूस वर्षानुवर्षं त्याच गिरणीचा म्हणवला जायचा.

हे सगळं मला दप्तरखान्यात जाण्याआधीच माहीत होतं. माझे बाबा १९७६ पासून परळच्या एका गिरणीत साचेखात्यात बदली होते. सहा वर्षं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्यांमध्ये पगारवाढीबरोबर बदलींना कायम करण्याचीही मागणी होती, म्हणून बाबा संपात जिवापाड होते. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या काही अर्धवट चालू झाल्या, काही बंदच राहिल्या, आणि बाबांसारख्या बदलीच्या माणसाला तर कुणी कामावर बोलावलंही नाही आणि काढल्याचं पत्रही दिलं नाही. कार्ड खिशात होतं. "गिरणी सुरू होईल" असं म्हणत त्यांनी चार वर्षं दुसरं कायमचं काम धरलं नाही. संगमेश्वरला गावी गेले, परत आले, कुठे हमाली केली, कुठे दुकानात राहिले, पण प्रत्येक ठिकाणी सांगून ठेवलेलं की गिरणी सुरू झाली की मी जाणार. घर आईच्या खानावळीवर चाललं. माझा जन्म त्या चार वर्षांतला. पुढे बाबा प्रभादेवीच्या एका इमारतीत वॉचमन झाले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

२०१७ च्या मे महिन्यात मी प्रबंधाचं चौथं प्रकरण लिहीत होते, बदली कार्डांचंच. त्याच आठवड्यात वित्त विभागाने नव्या पदभरतीवर निर्बंध घातल्याची बातमी आली. मी त्या दिवशी लिहिणं थांबवून स्वयंपाकघरात जाऊन बसले. आपण ज्यांच्याबद्दल लिहितो आहोत त्यांच्यातच आपण आहोत, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझी हजेरी म्हणजे महिन्याचं तासिका पत्रक: तारीख, वेळ, शिकवलेला घटक, विभागप्रमुखांची सही. कायम माणसाच्या जागेवर उभं राहणं हेच माझंही काम होतं. एक फरक मात्र आहे, आणि तो आमच्या बाजूने नाही. बदलीवाल्याला सकाळी आठपर्यंत कळायचं की आज काम आहे की नाही. मग तो दिवसभर दुसरीकडे हातपाय मारायला मोकळा होता.

त्यानंतरचं सगळं तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० पदांना परवानगी मिळाली. २०२१ मध्ये २,०८८ पदांना. प्रत्येक वेळी तुम्ही मला सांगितलंत, "आता येतेय जाहिरात, आता सोडू नका." मग बिंदूनामावलीची, म्हणजे आरक्षणाप्रमाणे पदं लावलेल्या यादीची तपासणी, मग ना हरकत प्रमाणपत्र, मग जाहिरात, मग कोर्टात कुणीतरी गेलेलं, मग पुन्हा नवं शैक्षणिक वर्ष. मधल्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांच्या विभागांत सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची करायचं ठरवलं, ती तारीख जुलै २०२१ वरून जुलै २०२३ वर ढकलली आणि ३० जून २०२३ ला सक्ती काढूनच टाकली. त्या पाच वर्षांत केवळ त्या नियमाच्या भीतीने कर्ज काढून पीएच.डी.ला बसलेल्या तीन मुली माझ्या ओळखीच्या आहेत. एकीचा विषय तिचा नव्हताच, गाइडकडे जागा होती म्हणून घेतला होता.

मी एकूण चार मुलाखती दिल्या. एका ठिकाणी मुलाखत छान झाली असं मलाही वाटलं आणि विषयतज्ज्ञांनाही. बाहेर पायऱ्यांवर संस्थेच्या एका गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, तयारी आहे का?" मला वाटलं, पुढच्या फेरीसाठी पाठ घ्यायचा आहे. ते आकडा बोलले तेव्हा समजलं. मी व्हिटली कमिशनच्या साक्षींमध्ये दस्तुरीबद्दल पानंच्या पानं वाचली होती, आणि तरी त्या क्षणी मला शब्द सुचला नाही. लोकलमध्ये बसल्यावर सुचला.

आता माझ्या गाइडबद्दल. नाव लिहीत नाही, पण तुमच्यातल्या पुष्कळांना कळेल. मॅडमनी मला वाचायला शिकवलं. एखाद्या कागदावर काय लिहिलं आहे यापेक्षा तो कुणी, कुणासाठी, कुठल्या घाईत लिहिला ते बघायची सवय त्यांनी लावली. माझ्या प्रबंधाच्या पाचशे पानांतलं एकही पान त्यांनी न वाचता पुढे जाऊ दिलं नाही. २०१६ मध्ये मला एका शाळेत कायम नोकरी मिळत होती. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "थोडं थांब. तू शाळेत जाण्यासाठी झालेली नाहीस." त्यांनी ते प्रेमाने सांगितलं, आणि मी ते कौतुक म्हणून घेतलं. २०१९ मध्ये मॅडम निवृत्त झाल्या. त्यांची जागा अजून भरलेली नाही. त्यांचे तास दोन तासिका अध्यापकांमध्ये वाटून दिले आहेत, त्यातली एक मी.

मॅडमवर माझा राग नाही. त्या स्वतः १९८० च्या दशकात नोकरीला लागल्या, तेव्हा थांबलं की मिळायचं. त्यांनी स्वतःच्या आयुष्यातलं खरं तेच मला सांगितलं. पण ते माझ्या काळातलं खरं नव्हतं, आणि ते बघण्याची जबाबदारी कुणाची होती, हा प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

मागच्या महिन्यात रात्री जेवताना मी आईला नव्या नोकरीचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना कुणीतरी येऊन एवढंच सांगायला हवं होतं, की आता नाही सुरू व्हायची गिरणी. सगळ्यांना आतून कळलं होतं. युनियनवाल्यांना, शेजारच्यांना, मला पण. पण म्हटलं, आपण कशाला त्याच्या तोंडावर बोलायचं." आणि तिने ताट उचललं.

सर, मॅडम, तुमच्यातल्या प्रत्येकाला आपल्या विभागाची गणितं पाठ आहेत. इतिहास मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून घेणारी मुलं किती उरली, नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत वर्कलोड कुठे गेला, पुढच्या पाच वर्षांत कोण निवृत्त होणार, आणि त्यातली किती पदं विषयाला परत मिळतील. स्टाफरूममध्ये तुम्ही हे आपसात बोलता, मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसून ऐकते. तेच तुम्ही एम.ए.च्या वर्गात बोलत नाही. पेट ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा देऊन संशोधन केंद्राच्या मुलाखतीला आलेल्या मुलीला तुम्ही विषय विचारता, संदर्भ विचारता, पद्धत विचारता. तिला हे सांगत नाही की तुमच्या महाविद्यालयात या विषयाचं कायम पद शेवटचं कोणत्या वर्षी भरलं गेलं. तो आकडा एका वाक्यात सांगून होतो. तो ऐकून ती तरीही आली, तर ती डोळे उघडे ठेवून येईल.

नवी नोकरी काय आहे ते सांगते. एका जुन्या उद्योगसमूहाचा खासगी दप्तरखाना आहे. तिथे कागदांची सूची करायची, जुन्या हिशेबाच्या वह्या आणि पत्रव्यवहार लावायचा, निवृत्त कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या. महिना ५५ हजार, दोन वर्षांचा करार. म्हणजे तीही कायमची नाही, पण पगार दर महिन्याला येणार आणि शनिवार-रविवार माझे असणार. मुलाखतीत मी त्यांना एकच प्रश्न विचारला: संपाच्या फायली असतील तर त्यांची सूची होणार का? तिथल्या प्रमुख बाई म्हणाल्या, सूची सगळ्याची होते, खुलं काय करायचं ते वर ठरतं. उत्तर मला पूर्ण आवडलं नाही, पण ते सरळ होतं. गेल्या बारा वर्षांत माझ्या कामाबद्दल इतकं सरळ उत्तर मला फार थोड्यांनी दिलं.

यावर तुमच्यातले काही जण मला काणे आणि कोसंबींची नावं सांगतील, हेही माहीत आहे. सांगितलीही आहेत. पां. वा. काणे मुंबई हायकोर्टात वकिली करत धर्मशास्त्रावरचं पाच खंडांचं काम करत राहिले, १९३० मध्ये पहिला खंड निघाला आणि १९६२ मध्ये शेवटचा. दा. ध. कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पगार गणिताचा घेत होते आणि इतिहास आपल्या वेळात लिहीत होते. ही उदाहरणं मला धीर देतात, खोटं बोलत नाही. पण त्यांच्यामागे घर सांभाळणारी माणसं होती, आणि हातात असा व्यवसाय होता की कुठल्या ग्रंथालयाच्या दारात त्यांना पत्र मागितलं गेलं नसेल. मी महाविद्यालय सोडलं की उद्या कुठल्याही दप्तरखान्यात पहिला प्रश्न येणार, "संस्थेचं पत्र?" महाविद्यालयाच्या लॉगिनवर जी नियतकालिकं वाचता येतात ती बंद होणार. चर्चासत्राच्या फॉर्ममध्ये 'संस्था' या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न उरणार. माझी एक मैत्रीण प्रकाशनात गेली, एक जण वस्तुसंग्रहालयात. दोघींचं संशोधन माझ्यापेक्षा चांगलं आहे. "तिने लाइन सोडली" एवढं वाक्य बोललं गेलं आणि त्यानंतर त्यांना एकाही विभागाने व्याख्यानाला बोलावलं नाही.

आणि तरी मला खरं अडवून धरलं होतं ते वर्गाने. संशोधनाचा हिशेब मी कठोरपणे केला आहे: गेल्या पाच वर्षांत माझा एक लेख छापून आला. शिकवणं, लोकल, क्लास आणि वाट बघणं यांतून लेख निघत नाहीत. दप्तरखान्यात बसून शनिवार-रविवारी कदाचित जास्त निघतील. वर्ग मात्र तिथे नसेल.

२०१४ पासून मी प्रथम वर्षाच्या मुलांना दर वर्षी एकच काम देते. घरातला सगळ्यात जुना कागद शोधा, घरातल्या मोठ्या माणसाकडून त्याची गोष्ट ऐका, झेरॉक्स काढा आणि दोन पानं लिहा. पहिल्या वर्षी वाटलं होतं सगळे रेशनकार्ड आणतील. मानखुर्दच्या एका मुलाने १९७६ च्या झोपडीगणनेनंतर आजीला मिळालेला फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र, आणला. फोटोत आजी एका पाटीमागे उभी होती, आणि मुलाने लिहिलं होतं की ती फोटोत अठ्ठावीस वर्षांची आहे हे त्याला कधी जाणवलंच नव्हतं. मदनपुऱ्याच्या मुलाने पणजोबांची करघ्याच्या सुताची उधारी लिहिलेली उर्दू चिठ्ठी आणली, आणि ती वाचण्यासाठी वर्गातल्याच दुसऱ्या मुलीची मदत घेतली. लालबागच्या एका मुलीने आजीच्या खानावळीची वही आणली. जेवणाऱ्यांची नावं गावाप्रमाणे लिहिलेली, पुढे दिवसांच्या रेघा, आणि १९८२ च्या मार्चपासून रेघांपुढे पैशांचा रकानाच कोरा. ती वही मी स्टाफरूममध्ये कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. अशीच एक आमच्याही घरात होती, ती आईने रद्दीत दिली.

एका वर्षी एक मुलगा रिकाम्या हाताने आला. त्यांचं घर कुर्ल्याला मिठी नदीच्या काठाशी. म्हणाला, मॅडम, आमच्याकडे कागदच नाही, २६ जुलैला सगळे गेले. २००५ ला, ज्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो जेमतेम पाच वर्षांचा होता. मी त्याला म्हटलं, जे गेले त्यांची यादी कर. त्याने आईला विचारून विचारून बेचाळीस कागदांची यादी केली: वडिलांचा शाळेचा दाखला, आईच्या लग्नातल्या आहेराची चिठ्ठी, एका मेलेल्या भावाचा दवाखान्याचा कागद. त्या भावाबद्दल त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तो मुलगा आज बेस्टमध्ये कंडक्टर आहे आणि दर दिवाळीला मला फोन करतो.

हे काम मी दुसरीकडे कुठेही करू शकत नाही. निवृत्त कामगारांच्या मुलाखती घेईन, पण एकोणीस वर्षांच्या मुलाला आपल्या घरात इतिहास आहे हे पहिल्यांदा कळतं, ते बघायला मिळणार नाही. या एका गोष्टीसाठी मी मागच्या तीन आठवड्यांत दोनदा नकाराचा ईमेल लिहिला आणि पाठवला नाही.

शेवटी ठरलं ते अगदी साध्या कारणाने. एप्रिलच्या शेवटच्या तासानंतर एम.ए.ची एक हुशार मुलगी जिन्यात थांबली. म्हणाली, "मॅडम, मला तुमच्यासारखं व्हायचंय. पीएच.डी. करू ना?" माझ्या तोंडून वाक्य बाहेर पडणारच होतं: "कर, जाहिराती येतायत." मी ते ओठांवर धरलं. एकदा मी ते म्हटलं असतं तर मॅडमच्या, युनियनच्या, शेजाऱ्यांच्या रांगेत मीही जाऊन उभी राहिले असते. मी तिला कॅन्टीनमध्ये नेलं, चहा घेतला, आणि कागदावर ते २१४ तास लिहून दाखवले. चार मुलाखतींचं सांगितलं. तयारीचं सांगितलं. मग वर्गाचंही सांगितलं, फोटोपास आणि खानावळीची वही. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. ती काय ठरवेल ते मला माहीत नाही. घरी आल्यावर मी होकाराचा ईमेल पाठवला.

तेव्हा जूनमधला तो फोन आला तर मी उचलेन आणि नाही म्हणेन. माझ्या नऊ तासांसाठी तुम्ही ज्या कुणाला बोलवाल, बहुधा पंचविशीतली कुणी असेल, तिला पहिल्याच दिवशी कायम पद शेवटचं कोणत्या वर्षी भरलं तो आकडा सांगा. ती दोन-तीन वर्षांनी दुसरं काम शोधू लागली तर तिला शिफारसपत्र द्या, आणि ती गेल्यावरही आपल्या चर्चासत्राला बोलवा. महाविद्यालयाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येण्याआधी तिच्याकडून रात्र-रात्र फायली लावून घेत असाल, तर त्या तासांचे पैसे कुठून देता येतील ते प्राचार्यांना विचारा. मी कधी विचारलं नाही, तुम्हीही विचारलं नाही. आणि माझ्यासारखं कुणी बाहेर पडून काम करत राहिलं, तर विभागाच्या लेटरहेडवर दप्तरखान्यासाठी दोन ओळींचं पत्र द्यायला कुठल्याही मंजुरीची गरज नाही. विभागप्रमुखांची सही पुरते.

एक वैयक्तिक विनंती. बारा वर्षांत मला विभागात कपाट मिळालं नाही. तासिका अध्यापकांना देत नाहीत, आणि मी मागितलंही नाही. मुलांनी आणलेल्या कागदांच्या झेरॉक्स आणि त्यांनी लिहिलेली पानं तीन खोक्यांत, डोंबिवलीच्या घरी पलंगाखाली आहेत. जवळजवळ साडेपाचशे मुलांची. ती कागदपत्रं महाविद्यालयाची आहेत, माझ्याबरोबर नव्या नोकरीत नेण्याचा मला हक्क वाटत नाही. लालबागच्या वहीची प्रत दुसऱ्या खोक्यात वरच आहे, कुर्ल्याच्या मुलाची यादी तिसऱ्यात. मी वर्षवार सूची केली आहे. त्यांच्यासाठी विभागात एक कपाट रिकामं करा, कुलूप लागणारं, खिडकीपासून लांब, म्हणजे पावसाचं पाणी येणार नाही. जूनच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शनिवारी मी टॅक्सीने आणून देईन. वर चढवायला एक जण मदतीला मिळाला तर बरं.

आपली,
तासिका तत्त्वावरची एक अध्यापिका
मुंबई